तेरवीचा अंदाज

मधुभाऊ, तुमच्या तेरवीला किती माणूस जेवेल, हे खरं तर तुम्हालाच विचारायला हवं होतं. जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला दुसरं होतं कोण? तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांनी वहिनींनी मला घरी बोलावून घेतलं. चहा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सुजाता, आमच्या प्रशांतची सारी नोकरी पुण्यात गेली. त्याला यातलं ओ का ठो कळत नाही. तांदूळ किती, बेसन किती, तूच सांग." मी हो म्हटलं आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. तुमच्या हाताखाली किराण्याच्या खरेदीत जन्म काढला, पण एखाद्या घरच्या तेरवीचा अंदाज मी एकटीनं कधी सांगितला नव्हता. ते काम तुमचं होतं.

पेपरात तुमच्यावर छापून आलं तेही वाचलं. किराणा व्यवसायातले ज्येष्ठ अधिकारी, यवतमाळच्या गोदामापासून आर्णी, महागावपर्यंतच्या दुकानांचा कारभार सांभाळणारे महाव्यवस्थापक, वगैरे वगैरे. फोटोही तो, ज्यात तुमचा भांग दुसऱ्याच कुणीतरी पाडून दिल्यासारखा दिसतो. सगळं खरं आहे आणि त्यात तुम्ही कुठेच नाही. मिरचीच्या ढिगाशी उकिडवे बसून एक मिरची मधोमध मोडणारे, तिचं बी जिभेवर ठेवून व्यापाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारे तुम्ही त्यात नाही. तो बिचारा बोलायच्या आधीच भाव उतरवायचा.

मला कामावर घेतलंत तो दिवस आठवतो का? आर्णीच्या आमच्या वस्तीतून यवतमाळला नोकरीला आलेली मी पहिली मुलगी, आणि तीही किराण्यात. ऑफिसात बसायचं म्हणून नवी साडी नेसून आले होते. तुम्ही मला थेट मिरचीच्या गोदामात नेऊन सोडलंत. शिंकून शिंकून माझे डोळे सुजले, तर म्हणालात, "किराणा शिकाचा असन तं मिरचीपासून सुरू करा लागते. साखरेपासून कोनीबी सुरू करते." पुढे खरेदीच्या टेबलावर बसवलंत, तेव्हा एका जुन्या व्यापाऱ्यानं माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारलं, "बाईचं आडनाव काय?" कशासाठी विचारतोय, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. तुम्ही डाळीचे दाणे तळहातावर फिरवत राहिलात आणि म्हणालात, "खरेदी. बाईचं आडनाव खरेदी. आता भाव बोला."

तो विषय तिथे मिटला. त्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत, तुम्हीही पुन्हा कधी ते काढलं नाहीत. आज मानते. आता तरी ऐकून घ्या, नाहीतर कुणी आभार म्हटलं की तुम्ही लगेच तुरीच्या भावावर यायचात.

कापसाची ती वाईट वर्षं मी तुमच्याकडून वाचायला शिकले. बाहेरगावचे पत्रकार जिल्ह्यात हिंडून जे लिहीत, ते तुम्हाला आधीच गोदामात दिसलेलं असे. एरवी कापूस घरात आला की रवा, मैदा, डालडा धडाधड उठायचा. त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली तरी रव्याचे कट्टे शिवण न उसवता जिथल्या तिथे. तेलाचा डबा नेणारी घरं बाटली घेऊन येऊ लागली. चहापत्ती मात्र वाढली. मला कळेना. मी विचारलं, "लोकांजवळ काही नाही म्हणता, मग चहा कसा वाढला?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "चहानं भूक मरते, सुजाता. जेवन टाळाचं असलं की मानूस चहा पेते." त्या दिवशी दुपारचा डबा मी तसाच परत नेला होता. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि तरी पुढे फुलसावंगीला तुम्हीच ते विसरलात. याचं नवल मला अजून वाटतं.

त्याच वर्षांत तेरव्यांचा किराणा काही कमी होईना. घरात बोंड नाही, पण माणूस गेला की सामान पूर्वीइतकंच. बुंदीला बेसन-साखर, आलू-वांग्याच्या भाजीला तेल, पोळ्यांना कणीक, वर वरण-भात. आणि ते सामान नेणाऱ्या बाईला पुढच्या महिन्यात आपल्या चुलीवर काय चढेल, हे ठाऊक नसायचं. तुम्हाला ते बघवेना. तुम्ही सगळ्या दुकानांना सांगून ठेवलंत, तेरवीचा किराणा घ्यायला कुणी आलं की मला फोन करा, मी जवळपास असलो तर मीच गल्ल्यावर बसतो.

मग तुमची उलटतपासणी चालायची. गेलेला माणूस म्हातारा की तरणा? पिकलं पान असलं की माणसं जास्त येतात, तरण्याच्या तेरवीला घास उतरत नाही. तेरवी कोणत्या वारी येते? त्या दिवशी जवळ बाजार आहे का? लेकी कुठं कुठं दिल्या? घरचे लोक आधी बावरायचे, मग सांगता सांगता गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लागायचे, रडायचे, मधेच हसायचेही. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत हिशेब करायचात आणि अंदाज सांगायचात. तो घरच्यांच्या अंदाजापेक्षा कमी असायचा आणि नेमका उतरायचा. जास्तीचे कट्टे तुम्ही तिथेच बाजूला काढायला लावायचात. मालक एकदा वैतागून म्हणाले, "मधुकरराव, तुम्ही आमचा माल विकता की कीर्तन करता?" तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक जगलं तं माल विकन, शेटजी."

याच गोष्टीवरून आपलं वाजायचं. मी म्हणायची, दुःखातल्या माणसाच्या हातातली पिशवी आपण हलकी करू नये. त्याला जे करायचं ते करू द्यावं. तुम्ही म्हणायचात, गावाचं तोंड गोड करून त्या घरानं पुढं काय हवा खायची? तुम्ही चूक होतात असं नाही. पण लोकांच्या घरातलं मरण आपल्या काट्यावर मोजायचा अधिकार आपल्याला दिला कुणी, हा माझा सवाल होता. एकदा तुम्ही चिडून बोलून गेलात, "तू बौद्ध हायस. तुमच्यात तेरवीच नाई, तुले नाई समजाचं." मला लागलं. मी म्हटलं, "आमच्यात तेरवी नाही, पण जलदानाला आमच्याकडेही पंगत बसते, मधुभाऊ. आणि आलेला माणूस किती उपाशी आहे, ते आमच्या वाढणाऱ्या बायांना ताटाकडे बघून कळतं." दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातच्या ज्वारीच्या वड्या माझ्या टेबलावर होत्या. माफी मागायची तुमची तीच एक रीत होती, आणि ती दरवेळी वहिनींना निस्तरावी लागायची.

मग यमुनाबाई आली. आपण दोघं महागावच्या दुकानात माल तपासायला गेलो होतो. फुलसावंगीहून नवरा-बायको आले, तिची सासू गेली होती. सासू सुईण होती, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. यमुनाबाईनं सांगितलेलं सामान ऐकून तुम्ही नेहमीप्रमाणे प्रश्न सुरू केलेत. ती डोक्यावरचा पदर सारखा करत उत्तरं देत होती.

"सुईण होती म्हणजे साऱ्या गावाले यावंच लागन," तुम्ही म्हणालात. "तेवढं मी धरलं. तरी तुमी सांगता एवढं नाई लागत, बाई. अर्ध्यातच होते."

"कमी पडलं तं?"

"नाई पडत. मी सांगून राह्यलो ना."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं खिशातले पैसे मोजायला घेतले. जास्तीचे कट्टे पोऱ्यानं आत नेले. जाताना ती उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "साहेब, बुढीचं नाव मोठं आहे." तुम्ही हात जोडलेत.

तेरवीच्या दिवशी आपण पुन्हा महागावलाच होतो. दुपार कलली आणि फुलसावंगीच्या दुकानदाराचा फोन आला. तो आपलाच माल विकायचा, म्हणून त्याला नंबर ठाऊक. फोनवर तो एवढंच म्हणाला, "साहेब, पुरुषाइच्या पंगती उठल्या अन् भांडे खाली झाले. बाया बसाच्या हायत." तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. टेम्पोत तांदूळ, बेसन, तेल चढवताना तुम्ही हमालाच्या बरोबरीनं पोती उचललीत. रस्ताभर एकच वाक्य बडबडत होतात, "एवढे लोकं कसे आले? एवढे लोकं कसे आले?"

लोक जास्त आले नव्हते, मधुभाऊ. तिथं पोचल्यावर तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात आणि दुकानदारानं सांगितलं, तुम्ही धरले होते तेवढेच. तुमचा माणसांचा अंदाज चुकला नव्हता. अंगणात बाया मुलांना मांडीवर घेऊन पत्रावळी पुढ्यात मांडून बसल्या होत्या. कुणी कुरकुर करत नव्हतं. यमुनाबाई भाताच्या गंजाशी उभी होती, हातात रिकामा डाव. तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "माह्या सासूनं साऱ्या गावाले दुनियेत आनलं, साहेब. तिच्या नावानं भांडं खडखडलं."

तुम्ही बाह्या वर केल्यात आणि चुलीपाशी गेलात. बुंदी आता होणार नव्हती, पोळ्याही नाही. भात आणि पिठलं, एवढंच लवकर होण्यासारखं होतं. आचाऱ्याच्या हातातून उलथनं घेऊन तुम्ही ते पिठलं ढवळत होतात, धुरानं डोळे गळत होते, आणि मी भात वाढत होते. बाया जेवू लागल्या. एक वाढणं, दुसरं वाढणं, तिसरं. लेकरं बोटं चाटून पुन्हा पत्रावळ पुढे करत होती. तेरवीला माणूस शिष्टाचारापुरतं जेवतो, हात आखडता घेतो, दोन घास ठेवून उठतो, असा आपला इतक्या वर्षांचा अनुभव. तुम्ही उलथनं थांबवून बघत राहिलात. मग मला जवळ बोलावून म्हणालात, "सुजाता, हे लोकं तेरवीचं नाई जेवून राह्यले. हे जेवन जेवून राह्यले." तेवढं बोलून तुम्ही पुन्हा ढवळायला लागलात.

परत येताना टेम्पोत मी 'बघा, सांगत नव्हते?' असं म्हटलं नाही. कारण मी सांगितलं नव्हतंच. मी अधिकाराचं बोलत होते, तुम्ही बचतीचं बोलत होतात, आणि लोक उपाशी होते. हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात सगळ्या दुकानांत, आपला माल विकणाऱ्या गावोगावच्या दुकानदारांकडेही, तुमचा नवा नियम गेला. तेरवीचा माल मागतील तेवढा द्या, काहीही विचारू नका. उरला आणि पोतं उसवलेलं नसलं, तर परत घ्या. मालकांनी कपाळाला हात लावला. विकलेला किराणा परत घेणारं दुकान त्यांनी बापजन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "चालून पाहा, नुकसान झालं तं माह्या डोक्यावर." खरं कारण तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. आणि तेरवीचा अंदाज सांगणं तुम्ही त्या दिवसापासून सोडलंत. कुणी मुद्दाम विचारायला आलं, तरी हात जोडून "घरच्याइले जास्त समजते" म्हणायचात. मला ते बघवायचं नाही. एवढी मोठी विद्या, आणि एका दुपारीत तुम्ही ती पार गुंडाळून ठेवलीत.

आणि फुलसावंगी. दरवर्षी दुकानदारांच्या भेटीला गावोगाव फिरायची तुमची रीत होती, पण त्या रस्त्याला तुम्ही पुन्हा गेला नाहीत. मला पाठवायचात. मी परत आले की आधी गुळाचं विचारायचात, मग तेलाचं, मग इकडचं तिकडचं, आणि शेवटी, दुसऱ्याच कागदाकडे बघत, "ते यमुनाबाई भेटली का? काई बोलली?" मी म्हणायची, भेटली, चहा दिला, काही बोलली नाही. तुम्ही मान हलवायचात.

किती वेळा सांगितलं तुम्हाला, एकदा जाऊन या. "काय बोलू जाऊन?" म्हणायचात. मी म्हणायची, जे मनात आहे ते बोला. मग तुम्ही साखर पेरायला लागायचात, "तू जातच राह्यतेस ना, तूच काढ ना विषय." मी नाही काढला. काढणारही नव्हते. माफी ही काही ठोक खरेदी नव्हे की माझ्या हातून मागवावी. असल्या माफीला तर वहिनींच्या वड्याही पुरणार नव्हत्या. सगळ्या जिल्ह्याचा किराणा हलवणारा माणूस एका बाईच्या ओट्यावर जायला भीत होता, याचा मला राग यायचा. अजून येतो. तुम्ही गेलात म्हणून तो गेला, असं नाही.

दवाखान्यात शेवटी भेटले, तेव्हाही आपलं तेच. नाकात नळी, तरी मला बघून तुम्ही हात हलवून विचारलंत, तुरीचं काय? मी तुरीचं सांगितलं. मग म्हटलं, "बरे व्हा लवकर. मी तुम्हाला माझ्या स्कूटरवर मागं बसवून फुलसावंगीला नेते." तुम्ही नळी सरकवून म्हणालात, "तुह्या स्कूटरवर बसन्यापेक्षा इथंच मेलेलं बरं." वहिनी रागावल्या, आपण दोघं हसलो. मग तुमचं हसू गेलं आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "एक डाव जाले पाह्यजे होतं, सुजाता." मी म्हटलं, जाऊ की. आणि खरंच वाटलं होतं की जाऊ.

तर आता तुमच्या तेरवीचं. प्रशांतच्या मनात एखादा हॉल घ्यावा, केटरर सांगावा, बुफे ठेवावा असं होतं. चांगला मुलगा आहे, सगळं नीट व्हावं असंच त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "बुफेत कोण उपाशी राहिलं ते दिसत नाही, बाळा. पंगत बसव." तो जरा चमकला, पण त्यानं ऐकलं. माझी खरी अडचण वेगळीच होती. पूर्वी, फुलसावंगीच्या आधी, तुम्ही नेहमी म्हणायचात की माझ्या तेरवीला लोकांना चहा-पोहे द्या आणि घरी पाठवा. फुलसावंगीनंतर तुम्ही स्वतःच्या तेरवीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग मी कोणत्या मधुभाऊंचं ऐकायचं? दोन रात्री विचार करूनही मला नीट उत्तर सुचलं नाही. शेवटी तुमच्यासारखे डोळे मिटून बघितले, ओठ हलवून बघितले. काही दिसलं नाही. मग मनाशी म्हटलं, वहिनींच्या दारात भांडं खडखडायचं नाही. एवढं धरून आचाऱ्याला सामान सांगितलं आणि आपल्याच दुकानातून मागवलं. काट्यावरच्या नव्या मुलानं विचारलं, एवढं लागेल? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचं पोतं उचललं.

तेरवीला माणसं आली हो, मधुभाऊ. हमाल आले, खेड्यापाड्यांतले दुकानदार आले, ज्यांच्या मिरच्या तुम्ही नापास केल्यात ते व्यापारीही आले. मालक आले, कोपऱ्यात बसून राहिले. आणि बाया बसायच्या वेळेला फाटकातून फुलसावंगीचा दुकानदार आत आला, त्याच्या मागे यमुनाबाई. एसटीनं आले होते. तिचे केस पांढरे झालेत, चाल तीच आहे. ती वहिनींना भेटली, तुमच्या फोटोला हात जोडले, आणि तिथून सरळ मागच्या अंगणात गेली, जिथे चुली होत्या. मी तिच्या मागोमाग गेले. तिनं एकेका गंजाचं झाकण उचलून आत बघितलं. भात, वरण, भाजी, बुंदी. कुणी पाहुणी अशी झाकणं उचलत नाही. आचारी माझ्याकडे बघायला लागला. सगळी झाकणं बघून झाल्यावर तिनं पदर खोचला, भाताचा डाव उचलला आणि मला म्हणाली, "तुमी वरन घ्या. मी भात घेतो."

बायांच्या सगळ्या पंगती आम्ही दोघींनी वाढल्या. ती कुणाला विचारत नव्हती, सरळ वाढत होती, आणि नको म्हणणाऱ्या बाईच्या पत्रावळीतही एक डाव टाकूनच पुढे सरकत होती. शेवटी ती, वहिनी आणि मी, अशा तिघी मागच्या ओसरीत जेवायला बसलो. मग तीच म्हणाली, "साहेब मंग कधी आलेच नाई गावाले."

मी आता काय लपवू? म्हटलं, "तुम्हाला भीत होते."

"मले?" ती हसली. हसताना तिच्या हातातला घास सांडला. "काहून वं बाप्पा? मी काय खात होती का त्याइले?"

"तुम्ही त्या दिवशी बोललात ना. सासूबाईंच्या नावाचं."

ती भात कालवत राहिली. "राग तं आला होता," ती म्हणाली. "लय आला होता. साऱ्या गावासमोर माही मान खाली गेली होती. सालभर मी तुमच्या दुकानात पाय नाई ठेवला. मंग गावात एक तेरवी झाली. त्या बाईनं भरमसाट सामान आनलं, सारे जेवले, अन् उरलेले कट्टे दुकानदारानं परत घेतले. मी त्याले विचारलं, हे काहून चालू झालं? तो म्हने, तुह्या सासूच्या तेरवीपासून." तिनं माझ्याकडे बघितलं. "तवापासून आमच्या गावात परतीच्या सामानाले सुइनीचा माल म्हनते. आजच्या पोरासोराइले माही सासू मालूम नाई, ते तं तिच्या मागून जन्मलेले, पन सुइनीचा माल साऱ्याइले मालूम आहे. बुढीचं नाव राह्यलं ना गावात."

वहिनींचा हात थांबला होता. नियमाचं कारण त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. तुम्ही घरातही सांगितलं नव्हतंत. आणि मी, मधुभाऊ, इतक्या वेळा त्या ओट्यावर चहा पिऊन आले, पण हे तिनं कधी काढलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आम्हा दोघींनाही वाटत होतं, साहेब येतील तेव्हा बोलू.

यमुनाबाईनं शेवटचा घास खाल्ला, पत्रावळ दुमडली. हात धुवायला उठता उठता, अगदी रोजच्या आवाजात, माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेबाले सांगजा, माह्या मनात काई नाई. एक डाव घरी येऊन जा म्हना, चहा घेऊन जा." आणि बोलता बोलताच तिचा हात तोंडाशी गेला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. वहिनींना रडू कोसळलं. यमुनाबाई तशीच उष्ट्या हातानं उभी होती. मी म्हटलं, "हो. सांगते."

मी शब्द दिला आहे, म्हणून हे लिहीत बसले. मधुभाऊ, फुलसावंगीच्या यमुनाबाईनं तुम्हाला चहाला बोलावलं आहे.